शाळेजवळचे पानठेले हटवायचे तर गावातल्या पोरांनी सुरुवात कुठून करावी?

टेपपासून करा. रॅलीपासून नको.

तुम्ही लिहिलंय की शाळेजवळ तीन ठेले आहेत, पंधरा-वीस पोरंपोरी तयार आहेत, आता रॅली काढावी की ग्रामसभेचा ठराव घ्यावा. मी गडचिरोलीकडचा, आरमोरी तालुक्यातला. हे सगळं करून बसलोय आणि त्यात एक जिवाभावाचा मित्र घालवून बसलोय, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आमच्याकडे खर्रा चालतो. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात घालायचं आणि घासघास घासायचं. ओलसर तांबूस झालं की पन्नीला पीळ देऊन गिऱ्हाइकाच्या हातात. घासायला वेळ लागतो, म्हणून ठेल्यावर एक पोरगं लागतंच. माझ्या काकांच्या ठेल्यावर ते पोरगं मी होतो. सातवी-आठवीत. दप्तर फळीखाली, हात पन्नीवर. तळहाताचा वास साबणानं जायचा नाही, रात्री भाताला यायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कोणीतरी काढणारच.

2018 साली आमच्या युवक मंडळानं मनावर घेतलं. जिल्ह्यात डॉ. अभय बंगांच्या ‘सर्च’ संस्थेचं मुक्तिपथ अभियान 2016 पासून चालू होतं, गावोगाव दारू-तंबाखूवर बैठका होत होत्या, वारं होतंच. अध्यक्ष माझा वर्गमित्र. त्याला रॅली हवी होती, तीही 31 मेलाच, कारण तो जागतिक तंबाखूविरोधी दिन. आता 31 मे म्हणजे शाळा बंद, ऊन डोक्यावर. तेंदूपत्त्याच्या मजुरीचे पैसे नुकते हातात आलेले, आणि ते पान जातं विडीला. अशा गावातून आम्ही कवटीच्या तोंडात सिगारेट काढलेली पोस्टरं मिरवली. एका म्हातारीनं विचारलं, "हे कोन ओढते रे आपल्या गावात?" कोणीच नाही. 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातली 26.6 टक्के मोठी माणसं तंबाखू घेणारी निघाली, ओढणारे मात्र एकूण मोठ्या माणसांत फक्त 3.8 टक्के. बाकी सगळं तोंडात, दाढेखाली, नाहीतर मिशरी म्हणून हिरड्यांवर. पोस्टर काढताना एवढं तरी बघायला हवं होतं. रॅली संपल्यावर सरबत झालं आणि मंडळातलेच दोघं ठेल्यावर गेले.

मग मी म्हणालो, मोजू. कोटपा, म्हणजे सिगारेट-तंबाखूच्या विक्रीवरचा केंद्राचा कायदा, 2003 चा आहे, शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. 100 यार्ड म्हणजे 91 मीटर आणि वर थोडं. गवंड्याकडून तीस मीटरचा टेप आणला. तीन टेप आणि वर तीन हात, असा हिशोब. शाळेच्या फाटकापासून रस्त्यानं निघालो. पहिला ठेला 40 मीटरवर, दुसरा 70 च्या आसपास. मारुतीच्या देवळाला वळसा घालून काकांच्या ठेल्याशी पोचलो तर 104. वहीत मीच लिहिलं. दोन ठेले आत, एक बाहेर.

पोलीस पाटलांना घेऊन आम्ही दोघांना सांगितलं, तक्रारही दिली, महिन्याभरात दोन्ही हलले. काकांचा धंदा दुप्पट झाला. पुढच्या ग्रामसभेत हललेल्यांपैकी एकानं विचारलं, मोजणी कोणी केली? आणि अध्यक्ष, माझा मित्र, उभा राहून म्हणाला, "ज्यानं मोजलं त्याच्याच काकाचा ठेला वाचला, आता समजून घ्या." सव्वाशे माणसांसमोर.

घरी येऊन मी नियम शोधून वाचला. अंतर रस्त्यानं मोजायचंच नसतं. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी मोजायचं. आमच्या शाळेचं मागचं कुंपण एका गोठ्याला लागून आहे. गोठ्यापलीकडे काकांचा ठेला. सरळ मोजलं तर 58 मीटर. गोठ्यातून शाळेत कोण जातं, असं तुम्हीही म्हणाल. कायदा म्हणत नाही.

काकांना मीच सांगायला गेलो. ते घासत होते. मान वर न करता म्हणाले, "काहून रे बाबू, तुह्या बारावीची फीस कोणत्या फळीवरून गेली?" मी काही बोललो नाही. चार दिवसांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ठेला एसटी थांब्यावर नेला. तिथं प्रवासी गिऱ्हाईक मिळालं, आता पहिल्यापेक्षा बरा चालतो. म्हणजे आमच्या चळवळीनं काकांना दोनदा बरकत दिली.

तरी फायदा झाला. मधली सुट्टी छोटी, थांबा लांब. "बाबांनी आणायला सांगितला" म्हणून सुट्टीत पळणारी पोरं पळायची थांबली. खाणारे मोठे होते तेवढेच राहिले, त्यांच्यासाठी ठेला हलवणं हा उपाय नव्हताच.

तुमच्या ठरावाचं म्हणाल तर ठराव घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. कायद्याला तुमच्या ठरावाची गरज नाही, पोलीस ठाण्यात जाणाऱ्या पोरांच्या पाठीशी गाव दिसावं एवढ्यासाठी तो हवा. कोटपाचा दंड 200 रुपयांपर्यंत, ठेलेवाला तो एका सकाळी काढतो. त्याला खरी भीती बाल न्याय कायद्याची, 2015 चा, कलम 77: अठराच्या आतल्या पोराला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. बापानं पाठवलं होतं हे कारण चालत नाही. हे एकदा शांतपणे, चारचौघांत नाही, ठेल्यावर बसून सांगा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, सुगंधित तंबाखूही पुढे त्यात आली. ते सापडलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार जाते.

मोजायला मात्र ठेलेवाल्याचा नातेवाईक पाठवू नका. किंवा त्यालाच पाठवा आणि दुसरं टोक विरोधकाच्या हातात द्या, म्हणजे मागाहून कोणाला काही बोलायला जागा राहणार नाही.

हे सगळं एका छोट्या गावाचं आहे. तालुक्याच्या ठिकाणी ठेलेवाल्यामागे कोण उभं असतं ते आधी बघा, पोरांना एकटं पुढे करू नका. सोडायचं म्हणणाऱ्याला 1800112356 हा नंबर द्या, फुकट आहे. आणि काका अजून ठेला चालवतात, माझ्या मताची किंमत त्या मानानं धरा.

राहिलं एवढंच. अध्यक्ष, तू हे वाचशील मला माहीत आहे. मारुतीच्या देवळाला वळसा घेताना "इकडून घे, गोठ्यात शेण आहे" असं तूच म्हणालास, आणि टेपचं दुसरं टोक तुझ्याच हातात होतं.