तुमचे प्रश्न: एकूण रेझिस्टन्स काढताना गाडी कुठे अडते?

प्रश्न: रेझिस्टर पॅरललमध्ये जोडले की एकूण रेझिस्टन्स सगळ्यात लहान रेझिस्टरपेक्षाही कमी येतो, सूत्राने तसं येतं हे मान्य. पण करंटला अडवणारी अजून एक वस्तू लावल्यावर अडवणं वाढायला हवं ना? कमी कसं काय होतं? (एक शाळकरी वाचक)

उत्तर: शंका रास्त आहे, सूत्र पाठ करून मोकळे होणाऱ्यांना ती येतच नाही. सूत्र जरा बाजूला ठेव आणि नुसता करंट मोज. १२ व्होल्टच्या बॅटरीला ६ ओहमचा रेझिस्टर लावला की २ अँपिअर वाहतात. आता बॅटरीच्या त्याच दोन टोकांना ४ ओहमचा दुसरा लाव. पहिल्याला याचा पत्ताही नाही, त्याच्या टोकांवर अजून १२ व्होल्टच आहेत, त्यामुळे तो आपले २ अँपिअर घेतच राहतो आणि दुसरा स्वतःचे ३ घेतो, म्हणजे बॅटरीतून निघाले ५. १२ भागिले ५, झाले २.४ ओहम. नवीन रेझिस्टर जुन्या वाटेत आडवा आलाच नाही, त्याने शेजारी आणखी एक वाट उघडली. सिरीजमध्ये मात्र तू म्हणतोस तसंच होतं, तिथे वाट एकच, ६ आणि ४ मिळून १० ओहम आणि करंट उतरून १.२ अँपिअर.

प्रश्न: २, ३ आणि ६ ओहम पॅरललमध्ये, माझं उत्तर १ आलं, बरोबर निघालं. पुढच्या गणितात ४ आणि ६ ओहम, तीच पद्धत वापरली तर ०.४२ आलं, पण पुस्तकात २.४ दिलंय. छपाईची चूक आहे का?

उत्तर: छपाई ठीक आहे, पहिल्या गणिताने तुला गंडवलं! १/२ + १/३ + १/६ ची बेरीज नेमकी १ येते आणि १ उलटा केला तरी १च, त्यामुळे शेवटी उलटं करायचं राहून गेलंय हे कळलंच नाही. १/४ + १/६ म्हणजे ५/१२, हे झालं १ भागिले एकूण रेझिस्टन्स. उलटं केलं की १२/५, म्हणजे २.४.

आता गंमत बघ, "सगळ्यात लहानापेक्षा कमी आलं म्हणजे बरोबर" एवढंच तपासलं तर ०.४२ पण पास होतं. म्हणून खालची हद्दही बघायची. दोन रेझिस्टर असतील तर उत्तर लहानाच्या निम्म्याखाली जाऊच शकत नाही, तीन असतील तर एक तृतीयांशाखाली नाही, कारण सगळेच त्या लहानाएवढे असते तर बरोबर तेवढं आलं असतं आणि बाकीचे तर त्याच्याहून मोठेच आहेत. इथे उत्तर २ ते ४ च्या मध्येच हवं. गुणाकार भागिले बेरीज ही युक्ती दोघांपुरतीच हं, २, ३, ६ ला लावलीस तर ३६/११ येतं, म्हणजे सव्वातीनच्या आसपास, जे २ पेक्षा मोठं आहे.

प्रश्न: एका सरळ रेषेत ६ ओहमचे तीन रेझिस्टर, मधल्या दोन सांध्यांना क आणि ड नावं, टोकांना अ आणि ब. शिवाय अ पासून ड पर्यंत एक नुसती वायर आणि क पासून ब पर्यंत दुसरी. उत्तर १८ का नाही?

उत्तर: कारण रेझिस्टर एका रांगेत काढलेत म्हणून ते सिरीज होत नाहीत. चित्र बघायचं सोडा आणि सांधे बघा. नुसत्या वायरने जोडलेले दोन सांधे म्हणजे एकच सांधा, म्हणून ड खोडून तिथे अ लिहा, क खोडून ब लिहा. आता पहिला रेझिस्टर अ-ब, मधला ब-अ, तिसरा पुन्हा अ-ब. तिघेही त्याच दोन सांध्यांमध्ये, म्हणजे पॅरलल, उत्तर ६ भागिले ३, २ ओहम. परीक्षकांचं हे लाडकं चित्र आहे, आणि नावं बदलून लिहायचा कंटाळा करणारे सगळे त्यात सापडतात.

प्रश्न: पाच रेझिस्टर, वरच्या फांदीत २ आणि ४, खालच्या फांदीत ३ आणि ६, आणि दोन्ही फांद्यांच्या मधोमध पाचवा. हा सिरीज धरायचा की पॅरलल?

उत्तर: दोन्ही नाही. हा व्हीटस्टन ब्रिज, ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हीटस्टनने १८४३ मध्ये तो लोकांसमोर आणला, पण कल्पना ख्रिस्टी या दुसऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञाची, १८३३ ची. तुमच्या आकड्यांत २ ला ४ आणि ३ ला ६ हे प्रमाण सारखं आहे, त्यामुळे पाचव्याच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज सारखं आणि त्यातून करंट शून्य. तो काढून टाका, ६ आणि ९ पॅरलल, ३.६ ओहम. प्रमाण जुळत नसेल तर मात्र नुसत्या सिरीज-पॅरललने भागत नाही, किरचॉफचे नियम (सांध्यांवर करंटचा आणि बंद वाटेत व्होल्टेजचा हिशेब) किंवा डेल्टा-स्टार रूपांतर (तीन रेझिस्टरच्या त्रिकोणाजागी तेवढाच परिणाम देणारी तीन फांद्यांची चांदणी) लावावं लागतं.

प्रश्न: बोर्डवरच्या रेझिस्टरवर तपकिरी, काळा, केशरी, सोनेरी पट्टे आहेत, म्हणजे १० किलोओहम, पण मल्टिमीटर ५ च्या आसपास दाखवतो. रेझिस्टर गेला का?

उत्तर: बहुतेक नाही. मीटर त्या एकट्याला मोजत नाहीये, त्याला पॅरलल असलेलं बोर्डवरचं बाकी सगळं मोजतोय. सप्लाय बंद करा, कपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या, रेझिस्टरचा एक पाय सोल्डर काढून मोकळा करा आणि मग मोजा, ९.५ ते १०.५ च्या मध्ये आला (सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे चालतं) तर ठणठणीत आहे. बोर्डवर असताना वाचन कमी आलं तर घाबरू नका, पण पट्ट्यांपेक्षा बरंच जास्त आलं तर संशय घ्या, कारण पॅरललमध्ये रेझिस्टन्स वाढत नाही. आणि मोठा, मेगाओहमचा रेझिस्टर मोजताना प्रोबची दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरू नका, नाहीतर तुम्हीच त्याला पॅरलल जोडले जाता.