चर्चच्या मिशन ट्रिपचे जपानमधील शेवटचे दिवस कसे घालवावेत?

आपला प्रश्न असा आहे की, आपल्या चर्चचा तरुणांचा गट ओसाका परिसरातील एका चर्चच्या कामात मदत करण्यासाठी जात असून परतीच्या आधीचे तीन-चार दिवस अद्याप मोकळे आहेत. ते पर्यटनात घालवावेत, सेवाकार्य तसेच पुढे चालू ठेवावे, की उरलेल्या वेळात शक्य तेवढ्या लोकांपर्यंत सुवार्तेची पत्रके पोहोचवावीत. मी वसईच्या एका धर्मग्रामातील (पॅरिशमधील) तरुणांबरोबर अशाच कामासाठी जपानला जाऊन आलो आहे आणि माझे ठाम मत असे आहे की या तिन्हींपैकी एकही पर्याय पुरेसा नाही. शेवटचे दिवस जपानी ख्रिस्तसभेचे ऐकण्यासाठी राखून ठेवावेत, त्यासाठी नागासाकीला जावे, आणि जाण्यापूर्वी ज्यांच्यासोबत काम केले त्या माणसांचा निरोप नीट, वेळ देऊन घ्यावा.

पत्रकांचा मुद्दा आधी घेतो, कारण परतीची तारीख जवळ आली की उत्साही गटांना हाच मोह होतो. 1995 मध्ये ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला, तेव्हापासून रस्त्यावर थांबवून धर्माविषयी बोलणाऱ्या अनोळखी माणसाकडे जपानी समाज भीतीने पाहतो. 2022 मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाल्यावर, मारेकऱ्याचा रोष ज्या पंथावर होता त्या युनिफिकेशन चर्चच्या देणग्या उकळण्याच्या पद्धती उघडकीस आल्या, त्याच वर्षाच्या अखेरीस दबाव आणून देणग्या मिळवण्याविरुद्ध कायदा झाला, आणि मार्च 2025 मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश दिला. अशा वातावरणात चार दिवसांनी विमानात बसणाऱ्या परदेशी तरुणांनी स्टेशनबाहेर पत्रके वाटली, तर त्याचा त्रास तिथेच राहणाऱ्या स्थानिक धर्मगुरूंना आणि मूठभर श्रद्धावंतांना सोसावा लागतो. जपानमध्ये सर्व पंथांचे ख्रिस्ती मिळून लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का भरतात. शेजाऱ्यांचा विश्वास हे त्यांचे मोठे भांडवल आहे आणि पाहुण्यांनी ते खर्च करू नये.

सेवाकार्याबद्दल एवढेच सांगेन की ते ठरलेल्या दिवशी थांबवावे आणि सुपूर्त करावे. आमच्या गटाला ओसाकातील कामागासाकी या रोजंदारी मजुरांच्या वस्तीत अन्नवाटपात हातभार लावण्याची संधी मिळाली होती. तिथे रांगेत उभे राहणारे बहुतेक जण आता वृद्ध झालेले मजूर आहेत. ज्या काळात ओसाकाचे पूल, रस्ते आणि गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या, त्या काळात त्यांनी अंगमेहनत केली आणि काम आटल्यावर अनेक जण रस्त्यावर आले. त्यांचे छायाचित्र काढणे हा त्यांचा अपमान समजला जातो, म्हणून शेवटच्या दिवशी ‘आठवण’ म्हणूनसुद्धा मोबाइल बाहेर काढू नये. जे स्वयंसेवक वर्षानुवर्षे तिथे भात शिजवतात, त्यांना विचारावे की आपल्या जागी उद्या कोण उभे राहणार आहे, आणि त्या माणसाला काम दाखवून मग निघावे.

आता नागासाकी. आपल्यासारख्या मराठी ख्रिस्ती गटाने तिथे जाण्याचे एक कारण अगदी घरचे आहे. नागासाकी स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर निशिझाका नावाची टेकडी आहे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानचे तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्या आज्ञेने त्या टेकडीवर 26 जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांपैकी 20 जपानी, 4 स्पॅनिश, 1 मेक्सिकन आणि 1 वसईचे होते: गोन्सालो गार्सिया. 1556-57 च्या सुमारास वसईत जन्मलेले, पोर्तुगीज वडील आणि इथलीच आई असलेले गोन्सालो कोवळ्या वयातच येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, जपानी भाषा उत्तम शिकले, पुढे मकाव येथे व्यापारात पडले, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि 1593 मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आले. हिदेयोशींसमोर फ्रान्सिस्कनांची बाजू त्यांच्याच तोंडून मांडली गेली. गासच्या चर्चला आणि वसईच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते हेच संत. पोप नववे पायस यांनी 1862 मध्ये या 26 जणांना संतपद दिले. आमच्या मुलांनी हे नाव शाळेच्या पाट्यांवर शेकडो वेळा वाचले होते. निशिझाका येथील शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांच्या ब्राँझच्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर मात्र आपल्या गावचा एक माणूस इथवर आला आणि इथेच राहिला, याचा अर्थ त्यांना पहिल्यांदा जाणवला.

यांपैकी 24 जणांना क्योतो येथे डावा कान कापून गावोगाव फिरवण्यात आले आणि कडाक्याच्या थंडीत सुमारे महिनाभर पश्चिमेकडे चालवत नेण्यात आले; उरलेले दोघे वाटेत त्यांच्यात सामील केले गेले. आपण तोच प्रवास साधारणपणे शिनकान्सेन या वेगवान रेल्वेने कराल. शिन-ओसाकाहून हाकाता अडीच तासांच्या आसपास, तिथून रिले कामोमे गाडीने ताकेओ-ओन्सेन, आणि त्याच फलाटावर समोर उभ्या असलेल्या, सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झालेल्या कामोमे शिनकान्सेनने नागासाकी. मी गटाला सुचवेन की गाडीत बसल्यावर त्या 26 जणांची नावे आणि वये एकमेकांना वाचून दाखवावीत. त्यांत 12 वर्षांचा लुईस इबाराकी, 13 वर्षांचा अंतोनियो आणि 14 वर्षांचा थॉमस कोझाकी अशी मुले होती. वाटेत, आजच्या हिरोशिमा प्रांतातील मिहारा येथून थॉमसने आईला निरोपाचे पत्र लिहिले. मृत्यूसमयी जवळ धर्मगुरू नसले तरी मनापासून पश्चात्ताप कर, आणि धाकट्या भावांना सांभाळ, असे त्याने तिला कळवले.

‘धर्मगुरू नसले तरी’ ही त्या मुलाची चिंता पुढे संपूर्ण जपानी ख्रिस्तसभेची स्थिती झाली. 1614 मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि 1644 मध्ये शेवटचे उरलेले धर्मगुरूही रक्तसाक्षी झाले, म्हणजे श्रद्धेसाठी मारले गेले. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), पापनिवेदन आणि पुस्तके यांवाचून श्रद्धा जपली. गावातील एक प्रापंचिक पुरुष सणवारांची दिनदर्शिका सांभाळी, दुसरा मुलांना स्नानसंस्कार देई. करुणेची देवी कान्नोन हिच्या मूर्तीत पवित्र मरियेला पाहून प्रार्थना होई. आणि ख्रिस्ताची प्रतिमा पायाखाली तुडवून दाखवण्याची सक्ती पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागे. 17 मार्च 1865 रोजी, परदेशी रहिवाशांसाठी नागासाकीत नुकत्याच बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये जवळच्या उराकामी गावचे काही लोक आले आणि फ्रेंच धर्मगुरू बर्नार पतिजाँ यांच्याजवळ जाऊन, तुमचे आणि आमचे अंतःकरण एकच आहे, असे हळूच सांगून पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारू लागले. मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाचे हे वाटते की मिशनऱ्याने जपानी श्रद्धावंत शोधून काढले नाहीत. त्यांनीच त्याची परीक्षा घेतली आणि मग त्याला आपले मानले. परतीच्या वाटेवरील प्रत्येक मिशन गटाने ओउराला जाऊन हे मनात ठेवावे. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि त्यामुळे निवांत बसताही येते.

ओउरा येथील भेटीनंतरही छळ थांबला नाही. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करून देशभर विखुरण्यात आले आणि 1873 मध्ये बंदी उठल्यावर जे वाचले ते परतले. त्यांनीच पुढे 1895 ते 1914 या काळात विटा रचत उराकामी कॅथेड्रल बांधले. 9 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी अणुबॉम्ब फुटला तो या कॅथेड्रलपासून सुमारे 500 मीटरवर, आणि 12,000 श्रद्धावंतांपैकी सुमारे 8,500 जण मरण पावले. त्याच वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येला ढिगाऱ्यातून उकरून काढलेली एक घंटा वाजवण्यात आली. दुसरी फुटून गेली होती. तिच्या जागी अमेरिकेतील कॅथोलिक लोकांनी दिलेली नवी घंटा 9 ऑगस्ट 2025 रोजी वाजली. जवळच डॉक्टर ताकाशी नागाई यांची न्योकोदो ही दोन तातामी चटयांएवढी झोपडी आहे. पत्नी बॉम्बमध्ये गेलेली आणि स्वतः रक्ताच्या कर्करोगाने खिळलेले हे क्ष-किरणतज्ज्ञ 1951 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे पडून लिहीत राहिले. शक्य असल्यास उराकामी येथे मिस्सा गाठा. अनेक वृद्ध स्त्रिया पांढरा ओढणीसारखा पट्टा डोक्यावर घेऊन येतात, आणि प्रार्थना म्हणण्याची त्यांची लय इतकी एकसंध असते की भाषा न कळताही कुठे थांबायचे ते कळते.

एक दिवस जास्तीचा मिळालाच तर बसने सोतोमे भागातील शित्सु येथे जावे. तेथील चर्च 1882 मध्ये मार्क मारी द रो या फ्रेंच धर्मगुरूंनी बांधले. त्यांनी गरीब विधवांसाठी आणि मुलींसाठी कामाची शाळा काढली. विणकाम, पाव आणि शेवया करण्याची कला शिकवली. 1868 मध्ये जपानला आलेले हे फादर 1914 मध्ये मरेपर्यंत मायदेशी एकदाही परतले नाहीत. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या आपल्यासारख्यांना त्यांच्या कबरीपाशी आपल्या कामाचे खरे माप कळते, आणि माझ्या मते ते कळणे आवश्यक आहे. अशा खेड्यांतील चर्चमध्ये पादत्राणे बाहेर काढून ठेवण्याची पद्धत असते.

हे सर्व पाहून नागासाकीहून ओसाकाला परत येण्याची आवश्यकता नाही. परतीचे विमान फुकुओकाहून बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे घेता येते, म्हणून तिकिटे काढतानाच ही सोय करावी. त्यामुळे ओसाकाच्या धर्मग्रामाचा निरोप मात्र नागासाकीला जाण्यापूर्वीच घ्यावा लागतो, आणि तो घाईत घेऊ नये. रविवारच्या मिस्सेनंतर चहाच्या वेळी पाहुण्यांना चार शब्द बोलण्यास सांगितले जाते. त्या वेळी आपण काय दिले याची यादी वाचू नये, कोणाकडून काय मिळाले ते नावानिशी सांगावे. तिथे आज जपानी वृद्धांच्या शेजारी व्हिएतनाम, फिलिपिन्स आणि ब्राझीलहून कामासाठी आलेली कुटुंबे बसतात. निरोप घेताना त्यांनाही वगळू नये. भेटवस्तू लहान, सर्वांना सारखी आणि नीट गुंडाळलेली असावी, कारण महागडी वस्तू दिली तर परतफेडीचे ओझे त्यांच्यावर पडते. आम्ही संत गोन्सालो गार्सिया यांचे चित्र आणि मागे जपानी भाषेत छापलेली छोटी प्रार्थना दिली होती. वसई कुठे आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हते, परंतु 26 रक्तसाक्षींपैकी एकाचे गाव म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसांनी ते चित्र दोन्ही हातांनी घेतले. राहिलेल्या खोल्या झाडून-पुसून, कचरा तिथल्या नियमाप्रमाणे वेगवेगळा करून द्याव्यात. हे काम शेवटच्या रात्री दमलेल्या मुलांवर न टाकता आदल्या दुपारी करावे.

गटातील काही जणांना काम अर्धवट सोडून जात असल्याची रुखरुख लागेल. त्यांना फ्रान्सिस झेवियर यांचे उदाहरण सांगावे. गोव्याहून निघून 15 ऑगस्ट 1549 रोजी ते कागोशिमाला उतरले आणि नोव्हेंबर 1551 मध्ये आजच्या ओइता भागातून पुन्हा गोव्याकडे निघाले. जपानमधील पहिल्या मिशनच्या प्रमुखांचा मुक्काम सव्वादोन वर्षांचाच होता. परंतु निघताना त्यांनी काम आपले सहकारी धर्मगुरू कॉस्मे दि तोरेस यांच्या हाती सोपवले आणि तोरेस 1570 मध्ये तिथेच मरेपर्यंत राहिले. झेवियर यांच्याबरोबर बेर्नार्दो नावाचा एक कागोशिमाचा तरुणही आला, जो पुढे पोर्तुगालला पोहोचला आणि युरोपात पाऊल ठेवणारा पहिला ज्ञात जपानी ठरला. जाणे-येणे त्या वेळीही दोन्ही बाजूंनी होते. म्हणून घरी पोहोचल्यावर आठवडाभरात त्या धर्मग्रामाला हाताने लिहिलेले आभाराचे पत्र पाठवा, आणि तिथले कोणी गोन्सालो गार्सियांचे गाव पाहायला येऊ इच्छित असतील तर त्यांची राहण्याची सोय कोणाच्या घरी होईल, हे आपल्या गटाने निघण्यापूर्वीच ठरवून निरोपाच्या वेळी त्यांना सांगा.