दोन वर्षांच्या लेकीचा पहिला हॅलोवीन

अमेरिकेतला पहिलाच हॅलोवीन (३१ ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण; घरोघरी भोपळे कोरतात, मुलं वेश करून दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागतात) आणि लेक २ वर्षांची, मग यंदा भोपळा कोरायच्या फंदात पडूच नका. सुरी तिच्या हातात देता येत नाही, ती नुसती बघत बसते आणि कोरलेल्या भोपळ्याला काही दिवसांतच बुरशी धरते. अख्खा भोपळा पुढ्यात ठेवा, मोठे स्टिकर द्या. एकावर एक, उलटसुलट, कसेही चिकटवू देत. तुम्ही सरळ करायला जाऊ नका! दहा मिनिटं रमली तरी पुष्कळ.

दुसरं, पावलाचं भूत. तळपायाला धुतला जाणारा पांढरा रंग लावून काळ्या कागदावर ठसा घ्या. कागद उलटा धरला की टाचेचं डोकं होतं आणि बोटांची झालर. डोळे तुम्ही काढा, मागे तारीख घाला. माझ्या लेकाचं पहिलं भूत मी अजून जपून ठेवलंय.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- चिकटवायला मणी, बटणं, प्लॅस्टिकचे सुटे डोळे देणं. या वयात सगळं तोंडात जातं, घशात अडकू शकतं.
- मुखवटा घालणं. प्राण्याचे कान लावलेली टोपी पुरे.
- ३१ ऑक्टोबरला अंधार पडल्यावर गोळ्या मागायला निघणं. उजेडातच चार-पाच घरं करा आणि मिळालेल्या कडक गोळ्या लगेच बाजूला काढा.