नुकतीच शुगर निघालीय? आधी एवढंच करा

ताई, घाबरू नका. मला मधुमेह होऊन 16 वर्षं झाली. सुरुवातीला एवढंच धरा:

- दर 3 महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे मागच्या 2-3 महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी. उपाशीपोटीचा एकटा आकडा फसवतो.
- रक्तदाब आणि एलडीएल (म्हणजे वाईट) कोलेस्टेरॉलही तपासा. सगळे साखरेमागे धावतात आणि हृदय विसरतात.
- जेवणानंतर 15 मिनिटं चाला.

नेहमीची चूक म्हणजे भात सोडून तीन-तीन भाकऱ्या खाणं. ज्वारीतही पिष्ट असतंच, त्याचीही शेवटी साखरच होते. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं ठेवा. आकडा सुधारला म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मी केल्या होत्या, फार महागात पडलं. आणि अचानक धाप लागली, दरदरून घाम फुटला तर छातीत दुखायची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. मधुमेहात हृदयविकाराचा झटका न दुखताही येतो. इन्सुलिनचं नंतर बोलू.