कुलूप दिसलं म्हणून धावू नकोस
अरे भावा, लालबागला वर्षानुवर्षं बंद पडलेलं घर, वर टॅक्स थकलेला, म्हणजे स्वस्तात मिळेल असं वाटतं ना, मलाही वाटायचं. पण आपल्याकडे थकलेला टॅक्स तू भरलास म्हणून घर तुझं होत नाही, पावती मिळते बस. आधी सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढ, म्हणजे जागा कोणाच्या नावावर आहे ते कळेल, मग वकिलाकडून जागेच्या 30 वर्षांच्या जुन्या व्यवहारांचा सर्च. वारस किती ते बघ, कोण दुबईला कोण कोकणात, एकजण अडला की गेलं वर्ष. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के दंड चढतो तोही धर. आणि पागडीची खोली निघाली, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्यावर घेतलेली, तर मालक भलताच, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचार, त्याला वकिलापेक्षा जास्त माहीत असतं.