विद्यापीठाचे प्रबंध आणि शोधनिबंध खुले ठेवायला डीस्पेस हे सॉफ्टवेअर घ्यावं की ईप्रिंट्स?

माझं मत डीस्पेसला. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, परवान्याचे पैसे कशालाच लागत नाहीत. ईप्रिंट्स साउदॅम्प्टन विद्यापीठात २००० साली तयार झालं, पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं आहे आणि चालवायला हलकं आहे. डीस्पेस एमआयटी आणि एचपी लॅब्सने २००२ मध्ये आणलं. त्यामागे जावा ही भाषा, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि सोलर हे शोधाचं सॉफ्टवेअर असतं, म्हणजे सर्व्हर दमदार हवा आणि सांभाळणारं माणूसही हवं. पण वापरणाऱ्या संस्था जगभर आहेत, त्यामुळे अडलं तर विचारायला कुणीतरी सापडतंच.

बसवल्यावर एक गोष्ट आधी करा: स्वतःचा हँडल प्रिफिक्स नोंदवून घ्या. हँडल म्हणजे प्रत्येक नोंदीचा कायमचा पत्ता आणि प्रिफिक्स म्हणजे त्याच्या सुरुवातीचा संस्थेचा आकडा. डीस्पेस सुरुवातीला १२३४५६७८९ असा तात्पुरता आकडा देतं आणि कित्येक जण तोच ठेवून हजारो नोंदी चढवतात. असे हँडल जागतिक यंत्रणेतून उघडत नाहीत. उद्या सर्व्हरचा पत्ता बदलला की ज्यांनी संदर्भ दिले त्यांचे दुवे मेले. संशोधकाच्या कष्टांचं असं व्हायला नको!

लेखकांची नावंही पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीने भरा, जमल्यास ऑर्किडसह, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळख क्रमांकासह. ओएआय-पीएमएच (नोंदींची माहिती इतर यंत्रणांना देण्याची ठरलेली पद्धत) चालू ठेवलं की बाहेरच्या शोधयंत्रणा नोंदी आपोआप उचलतात.