थायलंडची पहिली रात्र: एवढं सांभाळा

पहिल्यांदाच बँकॉकला चाललाय ना, मग बिनधास्त जा. तिथली मंडळी पाहुण्याला लगेच सामावून घेतात. सुरुवातीला थोड्याच गोष्टी लक्षात ठेवा.

थाई लोक घोळक्यानं पितात. सांगसोम किंवा हाँग थाँग या तिथल्या दारूची अख्खी बाटली टेबलावर येते, सोबत सोडा आणि बर्फाची बादली, ती सगळ्यांची. बिअरमध्येही बर्फ टाकतात. नाक मुरडू नका, त्या उकाड्यात तशीच बरी लागते. लहान माणूस मोठ्यांचे ग्लास भरतो. 'चोन केओ' म्हणत ग्लास भिडवताना वडीलधाऱ्यांच्या ग्लासापेक्षा आपला जरा खाली धरा. एवढ्यानं टेबल आपलंसं होतं. रिकाम्या पोटी बसू नका, चखणा झकास मिळतो.

नवखे हमखास इथे फसतात:

- बारमधली घंटा वाजवणं. वाजवली की सगळ्यांची एक फेरी तुमच्या खिशातून.
- पात्पाँग या बँकॉकच्या बारवाल्या गल्लीत दलालामागे माडीवरच्या 'शो'ला जाणं. आत शिरताना स्वस्त, निघताना अवाच्या सवा बिल.
- ई-सिगारेट नेणं. तिथे ती बेकायदा आहे.

अनेक बारमध्ये प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी तुमच्यासमोरच्या छोट्या पेल्यात खोचून ठेवतात. मधूनमधून बघत जा. वय 20 पूर्ण हवं, पुरावा जवळ असू द्या. राजघराण्याची थट्टा अजिबात नको, थेट तुरुंग आहे. पिऊन भाड्याची स्कूटर चालवू नका, ग्रॅब या अ‍ॅपवरून टॅक्सी बोलवा. काही बिनसलंच तर पर्यटक पोलीस: 1155.